हेरिटेज कोणाचं, पक्ष्याचं की कंपनीचं? टर्कीच्या लेबलवाल्यांना एक खुलं पत्र

प्रति,
एफएसआयएस, म्हणजे अन्न सुरक्षा आणि तपासणीवाले,
अमेरिकेचं कृषी खातं, वॉशिंग्टन डीसी

साहेब आणि मॅडम, नमस्कार.

इंग्रजीत तुम्हाला वेगळं पत्र टाकलंय, ते तुमच्या पद्धतीचं आहे, दोन पानी, परिच्छेदांना नंबर वगैरे. हे मराठीत लिहितोय कारण दर नोव्हेंबरात या देशात टर्की विकत घेणाऱ्यांत माझी मराठी माणसंही आहेत. थँक्सगिव्हिंग हा इथला नोव्हेंबरातला सण, त्याच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, कोणीतरी एकजण टर्की आणतोच, आणि लेबल वाचून दोन पैसे जास्त मोजायला आपण लोक एका पायावर तयार असतो. मी तुमच्याशी कशावरून भांडतोय ते त्यांनाही कळू दे. भांडण टर्कीच्या पॅकेटवरच्या हेरिटेज या शब्दावरून आहे: तो खरं तर जुन्या, हळू वाढणाऱ्या जातींसाठी आहे, पण छापतात तो फॅक्टरीतल्या पक्ष्यावरही.

आधी मी कोण ते सांगतो. ओहायोत राहतो, दिवसभर कॉम्प्युटरचं काम, घरामागे पाच एकर, आणि गेली नऊ वर्षं बोर्बन रेड या जुन्या जातीचे टर्की पाळतोय. हौसेने सुरू केलं, आता हौस आणि धंदा यांच्या मधे कुठेतरी अडकलोय. वर्षाला साठ-सत्तर पक्षी विकतो, ओळखीतली कुटुंबं आहेत, ती जूनमध्येच सांगून ठेवतात. बायको शाकाहारी आहे आणि ती पक्ष्यांना नावं ठेवते. म्हणजे खरंच नावं ठेवते, बाळू, मंदाकिनी वगैरे, आणि मग नोव्हेंबर आला की घरात कोणी माझ्याशी बोलत नाही. असो.

झालं असं की मागच्या नोव्हेंबरात माझे एक जुने गिऱ्हाईक, सहा वर्षं माझ्याकडूनच नेणारे आजोबा, फोन पुढे करून उभे राहिले. फोनमध्ये एका दुकानातल्या टर्कीचा फोटो, पॅकेटवर लाल कोठार, कुंपण, उगवता सूर्य आणि मोठ्या अक्षरात हेरिटेज. पौंडाला पाच डॉलर. मी नऊ घेतो. ते म्हणाले, तुझाही हेरिटेज आणि हाही हेरिटेज, मग चार डॉलर कशाचे? मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं की एका वाक्यात सांगता येईल असं उत्तर माझ्याकडे नाहीये. आजोबा चिडले नव्हते, उलट त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं, पण त्या वर्षी त्यांनी दोनाऐवजी एकच पक्षी नेला.

मग मी जाऊन तो पाच डॉलरवाला आणला. घरी आणून माझा एक आणि तो एक शेजारी शेजारी ओट्यावर ठेवले. ज्याने आयुष्यात दोन टर्की सोललेत त्याला दुसरं काही सांगायची गरज नाही. माझ्या पक्ष्याच्या छातीचं हाड नांगराच्या फाळासारखं मधोमध वर आलेलं, तंगड्या लांब, मांडीचं मांस गडद, कारण तो पक्षी सात महिने चाललाय, धावलाय, रात्री गॅरेजच्या छपरावर जाऊन बसलाय (शेजारी फोन करतात, तुमचा बाळू आमच्या गाडीवर आहे). दुसऱ्याच्या छातीचं हाड शोधावं लागत होतं, दोन्ही बाजूंना उशा भरल्यासारखं पांढरं मांस, तंगड्या आखूड आणि जाड. हा सरळ सरळ ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट, म्हणजे रुंद छातीची पांढरी फॅक्टरी जात, दर फ्रीजरमध्ये ९९ सेंट पौंडाने मिळतो त्याचाच भाऊ, फक्त कपडे वेगळे.

पॅकेटवरच्या नंबरला फोन केला. पलीकडची मुलगी फार नम्र होती. ती म्हणाली सर, हेरिटेज म्हणजे आमच्या कुटुंबाचा शेतीचा वारसा, चार पिढ्यांपासून आम्ही या धंद्यात आहोत. मी विचारलं, आणि पक्ष्याचा वारसा? त्यावर ती दोन सेकंद गप्प बसली आणि म्हणाली, मी तुमचा फीडबॅक वर कळवते.

तिचा काही दोष नाही. कंपनीने नियम मोडला असंही मी म्हणत नाही, कारण मोडायला आधी नियम असावा लागतो. म्हणून तर पत्र तुम्हाला आहे.

आता आपल्या वाचणाऱ्या मंडळींसाठी थोडं थांबून सांगतो की हे दोन पक्षी वेगळे म्हणजे किती वेगळे, कारण बऱ्याच जणांना वाटतं की एक मोकळा फिरतो आणि एक शेडमध्ये असतो एवढाच फरक. तसं नाहीये. ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट तुम्ही कुरणात सोडला तरी तो ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइटच राहतो, फरक रक्तात आहे. त्याची छाती इतकी वाढवत नेली की नराला मादीबरोबर नैसर्गिकपणे जोडा लावता येत नाही, अंगच आड येतं, वजनाने मादीला इजा होते. म्हणून फॅक्टरी टर्कीची जवळजवळ सगळी पैदास कृत्रिम रेतनाने होते. माणसं शेडमध्ये जाऊन नरांचं वीर्य काढतात आणि माद्यांना नळीने देतात, एकेक करून, हाताने. हे कधीतरी नाही, हे रोजचं काम आहे, त्यावर अख्खा उद्योग उभा आहे. उद्या ती माणसं कामावर आली नाहीत तर ही जात एका पिढीत संपेल. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर बसलेल्या कितीजणांना हे माहितीये मला शंका आहे, मला स्वतःला पाळायला लागेपर्यंत माहीत नव्हतं.

वाढीचं घ्या. फॅक्टरीतली मादी साधारण १४ आठवड्यांच्या आसपास कापायला तयार, नर १८ ते २० आठवड्यांत. माझ्या बोर्बन रेडला २६ ते २८ आठवडे लागतात आणि तरी तो वजनाला कमीच भरतो. तुमच्याच खात्याचे आकडे आहेत की १९६० मध्ये टर्कीचं सरासरी जिवंत वजन १५ पौंडांच्या आसपास होतं आणि आता ते ३० च्या वर गेलंय. पक्षी दुप्पट झाला पण हाडं आणि हृदय त्या वेगाने वाढत नाहीत, म्हणून पाय वाकतात, पक्षी बसकण मारतात, काही उभ्या उभ्या हृदय बंद पडून जातात. व्हाइट हाऊसमध्ये दरवर्षी ज्या टर्कीला न कापण्याची माफी मिळते तोही याच जातीचा, १९८९ पासून हा कार्यक्रम रीतसर चालू आहे, आणि माफी मिळालेले कितीतरी पक्षी पुढच्या वर्ष-दोन वर्षांत तसेच गेलेत. राष्ट्राध्यक्षांनी सोडलं पण शरीराने नाही सोडलं. जुन्या जातीची मादी मात्र पाच ते सात वर्षं पिल्लं देऊ शकते. माझी मंदाकिनी सहा वर्षांची आहे, अजून दर वसंतात खुडूक बसते आणि जवळ गेलं की चोच मारते.

आणि पांढराच का, तर चवीसाठी नाही. रंगीत पक्षी सोलला की कातडीत काळ्या पिसांचे खुंट दिसतात, गिऱ्हाइकाला ते घाण वाटतं, पांढऱ्याचे दिसत नाहीत. एवढ्यासाठी १९६० च्या दशकापासून उद्योगाने ब्राँझ ही गडद पिसांची जात सोडून पांढरा धरला.

चवीबद्दल खोटं बोलणार नाही. माझा टर्की जास्त चवदार आहे असं मला वाटतं, पण तो चावावा लागतो, छातीचं मांस कमी आणि ओव्हनमध्ये लवकर होतो त्यामुळे सवयीच्या वेळेने ठेवला तर वाळून जातो. त्या दिवशी दोन्ही शिजवून मित्रांना न सांगता वाढले, अर्ध्या लोकांना दुकानातला मऊ जास्त आवडला. आवडू दे ना. ९९ सेंटचा टर्की बंद करा असं माझं मुळीच म्हणणं नाही, त्यावर कितीतरी घरांचा सण होतो. माझं म्हणणं एवढंच की तो खाताना माणसाला वाटू नये आपण बोर्बन रेड खातोय.

आता तुमच्याकडे येतो.

पहिली तक्रार, आणि खरं म्हणजे बाकीच्या सगळ्या हिच्यातूनच निघतात. तुमच्या नियमांच्या पुस्तकात हेरिटेज टर्की म्हणजे काय हे लिहिलेलंच नाही. व्याख्या कोणाला सुचली नाही असं तर नाहीये. लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी या जुन्या पाळीव जाती जपणाऱ्या संस्थेने ती कधीच करून ठेवलीये, तीन अटी, साध्या: पक्ष्यांचा जोडा नैसर्गिकपणे लागला पाहिजे, पक्षी बाहेरच्या हवेत बरीच वर्षं जगून पिल्लं देऊ शकला पाहिजे, आणि वाढ मंद पाहिजे. जातींची यादीही नवी नाही, अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनने १८७४ मध्येच ब्राँझ, नॅरागॅन्सेट, व्हाइट हॉलंड, ब्लॅक आणि स्लेट नोंदवले, केंटकीतल्या बोर्बन काउंटीचं नाव लावणारा माझा बोर्बन रेड १९०९ मध्ये आला. कागद तयार आहे, तुम्ही फक्त शिक्का मारायचाय.

व्याख्या करणं आमचं काम नाही असं म्हणू नका, कारण तुम्ही इतक्या बारीक गोष्टींच्या व्याख्या केल्यात की मी वाचून थक्क झालो. फ्रेश टर्की म्हणजे जो कधीही २६ अंश फॅरनहाइटच्या खाली गेला नाही तो. फ्रायर-रोस्टर म्हणजे १२ आठवड्यांच्या आतला. यंग टर्की म्हणजे आठ महिन्यांच्या आतला. वा. म्हणजे १४ आठवड्यांत फुगवलेला पक्षी पण यंग आणि २८ आठवडे कुरणात चरलेला माझा पण यंग, एकाच शब्दात दोघे बसले. ज्या खात्याला बर्फाचा एकेक अंश मोजता येतो त्याला पक्षी स्वतःच्या बळावर पिल्लं देऊ शकतो की नाही एवढं लिहिता येत नाही?

दुसरी तक्रार तुमच्या तपासणीची. पक्षी कसा वाढवला याबद्दल दावा छापायचा असेल तर तुमची आधी मंजुरी लागते, हे चांगलंय, बऱ्याच लोकांना हे माहीतही नसतं. पण मंजुरी कागदावर मिळते. उत्पादक कागद पाठवतो, तुम्ही कागद वाचता, कागद बरोबर असला की लेबल पास. त्या मंजुरीसाठी तुमचा माणूस काही शेतावर जाऊन उभा राहत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये तुम्ही नवीन मार्गदर्शक सूचना काढल्या तेव्हा मी खरंच आशेने वाचायला बसलो, अँटिबायोटिक न दिलेले म्हणून विकल्या जाणाऱ्या गुरांचे नमुने तुम्हीच तपासलेत, त्यातल्या सुमारे २० टक्क्यांत औषधाचा अंश निघाला, म्हटलं आता तरी हे लोक कडक होतील. तर काय, बाहेरच्या तटस्थ संस्थेकडून खात्री करून घ्या असा तुम्ही उत्पादकांना जोरदार आग्रह केलाय. आग्रह! अहो आग्रह आम्हाला चांगला कळतो, पंगतीत जिलबीचा करतात तो, पानावर हात आडवा धरला की संपला. ज्याला खरं काम करायचंय तो आधीपासूनच खर्च करून सर्टिफिकेट घेतोय आणि ज्याला नुसतं कोठाराचं चित्र छापायचंय तो हात आडवा धरून मोकळा. हा निर्णय मला पटला नाही, पत्राचं तातडीचं कारण तेच.

बाकीची लेबलं घाईघाईत सांगतो. फ्री रेंज म्हणजे तुमच्या लेखी पक्ष्याला बाहेर जायची सोय होती, गेला का आणि किती वेळ गेला हे विचारू नये. नॅचरल हा शब्द कापल्यानंतर मांसात काय घातलं त्याबद्दल आहे, पक्षी कसा जगला याबद्दल त्यात काहीच नाही. हार्मोन दिले नाहीत हे मोठ्याने छापतात आणि खाली बारीक अक्षरात लिहावं लागतं की कोंबड्या-टर्कींना हार्मोन द्यायला कायद्याने बंदीच आहे. म्हणजे मी चोरी केली नाही म्हणून पाटी लावून बसायचं. यावर वेगळं पत्र होईल.

तिसरी गोष्ट तक्रार नाही, आठवण आहे. मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलला तुमच्याच खात्याचं संशोधन केंद्र आहे, तिथे तुमच्याच शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात एक टर्की घडवायला घेतला. लहान कुटुंब, लहान ओव्हन, लहान फ्रीज, त्यात बसेल असा लहान, पांढरा, छाती भरलेला आणि तरी आपला आपण जोडा लावणारा. बेल्ट्सव्हिल स्मॉल व्हाइट. १९५० च्या दशकात तो जोरात चालला, घरोघरी गेला. मग उद्योगाच्या लक्षात आलं की एकच मोठा पांढरा पक्षी ठेवला तर लवकर कापून लहान विकता येतो आणि उशिरा कापून मोठा, दोन जाती कशाला सांभाळा, आणि वीसेक वर्षांत तुमचा पक्षी नाहीसा व्हायच्या बेताला आला. लोकांच्या करातून, सरकारी कोठारात जन्मलेली जात. आज तिची जी थोडीफार पिल्लं दिसतात ती माझ्यासारख्या परसदारच्या लोकांकडे. मला कोणी विचारलं की सरकारला टर्कीच्या जातीशी काय देणंघेणं तर मी हीच गोष्ट सांगतो.

आता हे सगळं एका शब्दावर का अडलंय ते. १९९७ मध्ये मोजणी झाली तेव्हा सगळ्या जुन्या जाती मिळून पैदाशीचे पक्षी अख्ख्या देशात दीड हजारांपेक्षा कमी निघाले. मग खाणारे पुढे आले, शेफ आले, कॅन्सासमधल्या लिंड्सबोर्गच्या फ्रँक रीस यांच्यासारख्या माणसांनी जुने वंश हट्टाने धरून ठेवले होते त्यांच्याकडे लोक जाऊ लागले, आणि २००६ पर्यंत आकडा ८,८०० च्या वर गेला. हे कोणत्या अनुदानाने नाही झालं. लोकांनी तो शब्द वाचला, विश्वास ठेवला आणि दुप्पट-चौपट पैसे दिले म्हणून झालं. टर्की वाघ नाही, त्याला अभयारण्य मिळत नाही, तो खाल्ला जातो म्हणूनच त्याची पुढची पिढी उबवली जाते, ऐकायला विचित्र वाटतं पण असंच आहे. माझं साधं गणित सांगतो: पैदाशीचे नर-माद्या हिवाळाभर बसून खातात, एक सेंट देत नाहीत, त्यांचं दाणापाणी नोव्हेंबरच्या विक्रीतून निघतं. आजोबांसारखी दहा कुटुंबं एकेक पक्षी कमी नेऊ लागली की मला डिसेंबरात चार माद्या कमी कराव्या लागतात. मी केल्या. कोणत्या ते बायकोला अजून नीट सांगितलेलं नाही. माझ्यासारखे शंभर लोक हेच करतात तेव्हा बातमी होत नाही, नुसता वंश बारीक होत जातो, आणि एकदा गेलेला वंश कुठल्या फाइलीतून परत काढता येत नाही.

तर मागण्या.

हेरिटेज टर्की या शब्दाची व्याख्या नियमात घाला, सूचनापत्रात नको, नियमात, आणि वरच्या तीन अटी त्यात जशाच्या तशा असू द्या. शब्द छापला की जातीचं नाव छापणं सक्तीचं करा, बोर्बन रेड असेल तर बोर्बन रेड, नॅरागॅन्सेट असेल तर नॅरागॅन्सेट, ज्याच्याकडे सांगायला जात नाही त्याने शब्द वापरू नये. हेरिटेज स्टाइल, हेरिटेज फार्म्स, वारसा जपणारे वगैरे पळवाटा टर्कीच्या पॅकेटवर चालणार नाहीत हेही त्याच वेळी लिहा, नाहीतर व्याख्या झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे तिथे जातील. कंपनीला चार पिढ्यांचा अभिमान असेल तर चार पिढ्यांपासून असं लिहावं, त्याला कोण नाही म्हणतंय.

दावा खरा आहे की नाही हे कोणीतरी शेतावर जाऊन बघितलं पाहिजे, तुमचा माणूस नाहीतर तुम्ही मान्य केलेली बाहेरची संस्था, आणि याची सक्ती करा. पण हे करताना माझ्यासारख्या साठ पक्षीवाल्याला आणि साठ हजारवाल्याला एकच फी लावू नका, नाहीतर खऱ्यालाच बाहेर काढल्यासारखं होईल, हे याआधी दुसरीकडे झालेलं आहे.

आणि प्रत्येक टर्कीवर, सगळ्याच, ९९ सेंटवाल्यावरसुद्धा, कापताना वय किती आठवडे होतं ते छापा. एक आकडा. तेवढ्यावरून गिऱ्हाईक आपलं आपण काय ते समजेल, मला समजावत बसावं लागणार नाही.

हे तुम्हाला अवघड वाटत असेल तर का अवघड आहे ते लिहून कळवा, मी वाचायला तयार आहे, माझं कुठे चुकलं असेल तर मान्यही करेन.

आज एप्रिलचा पहिला आठवडा संपतोय. मंदाकिनी आणि आणखी तीन माद्या खुडूक बसल्यात, टर्कीची अंडी २८ दिवसांनी फुटतात, म्हणजे मेच्या पहिल्या आठवड्यात पिल्लं बाहेर येतील. त्यापुढे २८ आठवडे मोजले की थँक्सगिव्हिंग येतं. आजोबांनी या वर्षीचं अजून काही सांगितलेलं नाही. ते परत फोन घेऊन आले तर त्यांच्यापुढे काय ठेवायचं, तेवढं मला त्याच्या आत सांगा.

आपला,
ओहायोतला एक टर्कीवाला